मध्यम आकाराचा पिकअप: पुढच्या पिढीत तुम्हाला काय सुधारलेलं हवं आहे?

भारवाहक (धागाकर्ता)

मंडळी, इथे मध्यम आकाराचे पिकअप वापरणारे बरेच जण आहेत. कुणाकडे हायलक्स, कुणाकडे रेंजर, डी-मॅक्स, टॅकोमा, नवारा, ट्रायटन. बिल्ला कुठलाही असो, बांधणी साधारण एकच: खाली शिडीसारखी चॅसी, वर डबल कॅब, मागे दीड मीटरच्या आसपासचा हौदा, आणि बहुतेकांच्या मागच्या ॲक्सलवर कमानपाटे. नवी पिढी आली की जाहिरातीत स्क्रीन किती मोठी झाली आणि ताकद किती वाढली हेच ऐकू येतं. मला त्यातलं फारसं काही नको. कागदावर छापलेला भार गाडीने खरोखर वाहावा आणि भरलेली असतानाही ती नीट चालावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

हिशोबच मांडतो. या वर्गातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांची ओढण्याची क्षमता 3500 किलो सांगतात (ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर) आणि पेलोड, म्हणजे गाडीत घेता येणारं एकूण वजन, साधारण 1000 किलो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असल्याने दोन्ही एकाच वेळी मिळतील असं वाटतं. तसं होत नाही. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर येतो, म्हणजे 350 किलो, आणि तो पेलोडमधूनच वजा होतो. चार मोठी माणसं धरा 320 किलो. राहिले 330. पुढे लोखंडी बुलबार, मागे कॅनपी (हौद्यावरचं बंद छत), हौद्याला लायनर, पोटाखाली जाड पत्रा, यात दीडशे किलो सहज जातात. उरले 180. हत्यारं, पाणी, जॅक, सामान, सगळं त्यात बसवायचं.

त्याशिवाय गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची वेगळी मर्यादा असते. ती समजा 6350 किलो आहे आणि ट्रेलर पूर्ण 3500 चा आहे. मग गाडीच्या वाट्याला 2850 येतात. रिकामी गाडीच 2250 च्या घरात असते. म्हणजे माणसं, सामान आणि लावलेल्या सगळ्या वस्तू मिळून 600 किलो, आणि वरचे 180 चे होतात 130. ज्याने दोन्ही आकडे वाचून गाडी घेतली त्याला हे पहिल्या वजनकाट्यावर कळतं.

पुढच्या पिढीत पेलोड वाढवता आला तर उत्तमच. नाही आला तर निदान एक साधा तक्ता छापा: एवढी माणसं, एवढा ट्रेलर, तर हौद्यात एवढं. तुमच्या अपेक्षा सांगा. चाकांचे आकार आणि रंग सोडून बाकी सगळं चालेल.

ओढाताण

अनुमोदन. हुकावरच्या भाराबद्दल एक भर घालतो. हुक ॲक्सलच्या बराच मागे असतो, त्यामुळे तरफेसारखा परिणाम होतो. हुकावर 350 किलो ठेवले तर मागच्या ॲक्सलवर त्यापेक्षा जास्त येतात आणि तेवढाच फरक पुढच्या चाकांवरून उचलला जातो. म्हणून भरलेला ट्रेलर जोडल्यावर स्टिअरिंग हलकं लागतं. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या ॲक्सलची मर्यादा ओलांडलेली असू शकते, आणि ते गाडीत बसून कळायला काहीच मार्ग नाही.

फोर्डने 2021 च्या एफ-150 मध्ये गाडीनेच स्वतःचं वजन मोजायची सोय दिली. सेन्सर भार ओळखतात आणि हौद्यात किती आहे, हुकावर किती आहे हे पडद्यावर दाखवतात. ती मोठ्या वर्गातली गाडी आहे. पण ती सोय लागते खरी मध्यम वर्गाला, कारण मर्यादेच्या काठावर आम्हीच असतो. माझी पहिली मागणी हीच.

रानवाट

मी ट्रेलर ओढत नाही. गाडी रोजच्या वापराची, सुटीत कच्च्या रस्त्यावर. वर्षाचे बहुतेक दिवस हौदा रिकामा. माझी मागणी मागच्या सस्पेंशनची. रिकामी गाडी खराब रस्त्यावर मागून इतकी उडते की मागच्या सीटवरची माणसं तासाभरात उतरायला बघतात. टनभर वजनासाठी बसवलेले पाटे चाळीस किलोच्या सामानाखाली वाकणार तरी कसे?

निसानने नवाराच्या डबल कॅबला पाट्यांऐवजी कॉइल (गुंडाळीची स्प्रिंग) दिले, टोयोटाने 2024 च्या टॅकोमाच्या बहुतेक प्रकारांना दिले. बाकीच्यांनीही द्यावेत.

भारवाहक

@रानवाट, तुमचं दुखणं खरं आहे, पण नवाराची पुढची हकीकतही पाहा. वजन टाकल्यावर मागचा भाग फार बसतो अशा तक्रारी आल्या. निसानला सस्पेंशन पुन्हा जुळवावं लागलं आणि शेवटी दुहेरी दराच्या स्प्रिंगा आल्या: सुरुवातीला मऊ, दबत गेल्या की कडक. टॅकोमातही सगळ्यात साध्या प्रकाराला आणि दोन दारांच्या एक्स्ट्राकॅबला पाटेच ठेवले आहेत. म्हणजे ज्याला फक्त माल वाहायचा आहे त्याच्यासाठी पाटा अजून गेलेला नाही.

पाट्याचा आणखी एक गुण असा की तो वजन चॅसीवर दोन ठिकाणी टेकवतो, पुढच्या आणि मागच्या डोळ्यापाशी. कॉइल सगळा भार एका जागी देतो. कंपनीने चॅसी त्या हिशोबाने बनवली असेल तर काही बिघडत नाही. पण लोक पाट्याच्या गाडीला नंतर एअरबॅग (मागच्या सस्पेंशनला हवा भरलेल्या पिशव्या) लावतात, चॅसीच्या मधोमध भार टेकवतात, मागे लांब कॅनपी, त्यामागे जड ट्रेलर, आणि वरून खड्ड्यांचा रस्ता. कॅबच्या मागे वाकलेल्या चॅसींचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. वाकण्याची जागा बहुतेक वेळा तीच.

मधपाळ

माझ्या कामाची गोष्ट सांगते, कारण ही अडचण दिवसा गाडी चालवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

मधपेट्या रात्री हलवाव्या लागतात. अंधार पडल्यावर सगळ्या माश्या आत आल्या की दारं बंद करायची, पेट्या हौद्यात चढवायच्या, दोर आवळायचे आणि उजाडायच्या आत नव्या जागी पोचायचं. भरलेल्या पेट्या जड असतात. गाडी मागून बसते, नाक वर होतं आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर जातात. समोरच्याचे डोळे दिपतात, तो वरचा लाइट मारून निषेध करतो, आणि मला माझ्यासमोरचा रस्ता दिसत नाही. डॅशबोर्डवर लाइट खाली करायची चकती असते, ती शेवटच्या आकड्यावर ठेवूनही पुरत नाही. नवे एलईडी जास्त प्रखर, त्यामुळे समोरच्याचा त्रास वाढलाच आहे.

मागचा ॲक्सल किती दबला हे मोजून लाइट आपोआप खाली आणणारी यंत्रणा मोटारींमध्ये कधीची आहे. भार वाहण्यासाठीच बनवलेल्या गाडीत ती फक्त वरच्या प्रकारांपुरती का ठेवतात? ती सगळ्यात साध्या प्रकारात हवी, कारण साधा प्रकारच कामावर जातो.

दुसरी मागणी हौद्याच्या उंचीची. प्रत्येक पिढीत गाडी उंच होते आहे. फाळका उघडला की तो माझ्या छातीशी येतो. पेटी आधी तिथवर उचलायची आणि मग आत सरकवायची. कडेने हात घातला तर हौद्याचा तळ हाताला लागत नाही. नव्या रेंजरला मागच्या चाकामागे पायरी दिली आहे, जनरल मोटर्सच्या गाड्यांना बंपरच्या कोपऱ्यात पाय ठेवायला खाच आहे. दोन्ही फार उपयोगी. पण तळ दहा सेंटिमीटर खाली आला तर पायरीची गरजच कमी होईल.

फोरबायफोर

@मधपाळ, लाइटच्या मुद्द्याला दहा वेळा अनुमोदन. उंचीबद्दल मात्र थोडा मतभेद. चॅसी खाली आणली की पोट घासतं. शिडीच्या चॅसीवर हौदा वरून बसतो, त्याखाली ॲक्सलला वर यायला जागा लागते. तळ खाली हवा असेल तर होंडा रिजलाइनसारखी मोटारीच्या बांधणीची गाडी घ्यावी लागेल. तिला मागे स्वतंत्र सस्पेंशन आहे आणि हौद्याच्या तळाखाली कुलपाचा कप्पा आहे. पण ओढायची क्षमता कमी.

माझी मागणी फोर-व्हीलची. आपल्या बहुतेक गाड्यांत ती पार्ट-टाइम असते, मध्ये सेंटर डिफरेन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मातीत चाक घसरून तो फरक भरून निघतो, कोरड्या डांबरावर निघत नाही आणि सगळा पीळ शाफ्टवर येतो. म्हणून पक्क्या रस्त्यावर टू-व्हीलच. आता पावसाळी घाट, हौदा रिकामा, मागची चाकं हलकी, रस्ता अर्धा ओला अर्धा कोरडा. अशा जागी गाडी मागून सुटते, आणि नेमकी तिथेच फोर-व्हील लावता येत नाही.

मित्सुबिशीचं सुपर सिलेक्ट हा प्रश्न सोडवतं, कारण त्यात सेंटर डिफरेन्शियल आहे आणि डांबरावरही चारही चाकांना ताकद देता येते. रेंजरच्या वरच्या काही प्रकारांत आपोआप जुळणारा पर्याय आहे. ही चैनीची वस्तू नव्हे, सुरक्षेची आहे.

लाकूडकाम

हौद्याबद्दल बोलू द्या. प्लायवूडचा पूर्ण पत्रा 2440 बाय 1220 मिलिमीटर. चाकांच्या उंचवट्यांमध्ये 1220 पेक्षा थोडी जास्त जागा मिळाली की तो तळावर सपाट बसतो. बऱ्याच गाड्यांत ती मिळत नाही. मग पत्रा उंचवट्यांवर तिरका ठेवा, खाली लाकडाचे ठोकळे द्या, आणि वळणावर मागून आवाज ऐकत राहा. फोक्सवॅगनने 2010 च्या अमारोकमध्ये ही जागा 1222 मिलिमीटर ठेवली होती, म्हणजे होतं. 2022 च्या रेंजरचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) 50 मिलिमीटरने रुंद झाला आणि हौदाही रुंदावला. शेव्हरोलेच्या नव्या कोलोरॅडोत फाळका अर्ध्यावर थांबवता येतो, त्यामुळे उंचवट्यांवर ठेवलेला पत्रा मागे फाळक्यावर समपातळीत टेकतो. स्वस्तातली, हुशार सोय. सगळ्यांनी उचलावी.

कड्यांकडेही कुणीतरी लक्ष द्या. बऱ्याच हौद्यांत दोर बांधायच्या कड्या भिंतीच्या वरच्या काठाजवळ असतात. उंच सामानाला ठीक. पण जनरेटर, कॉम्प्रेसर, सिमेंटची पोती यांना पट्टा खालच्या दिशेने ओढायला हवा, तरच सामान तळाला दाबून बसतं. वरच्या कडीतून आवळलेला पट्टा ते आडवं ओढतो आणि पहिल्या ब्रेकला सामान पुढे सरकतं. तळाच्या चार कोपऱ्यांत चार आणि वर चार, आणि प्रत्येक कडी किती किलो सोसते ते तिच्याशेजारी कोरलेलं. एवढं झालं तरी मी खूश.

डबल कॅब

फाळक्याच्या फटीतून येणारी धूळ! कॅनपी कितीही चांगली लावा, कच्च्या रस्त्यावर गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूळ फाळक्याच्या खालच्या फटीतून आत ओढली जाते. उघडून पाहावं तर सगळ्या बॅगांवर एकसारखा थर. कारखान्यातूनच रबराची पट्टी लावून द्यायला काय हरकत आहे? बाहेरून आणून चिकटवलेली पट्टी उन्हाने सुटते.

आणि सेंट्रल लॉकिंगमध्ये फाळकाही येऊ दे. चारही दारं बंद होतात आणि मागचा उघडा राहतो.

ओढाताण

स्टेपनीचा विषय निघालाच नाही अजून. ती हौद्याखाली लटकते, लोखंडी दोरीवर, आणि सोडायची मागून लांब दांडा घालून. वर्षभर चिखल, खडी, पाणी त्या चरखीवर बसतं. माझ्या गाडीची चरखी अशी गंजली की दांडा फिरायचा पण स्टेपनी खाली यायची नाही. पाऊस, रस्त्याच्या कडेला गाडी, मी पोटावर झोपून हातोडीने चरखीला ठोकतोय. शेवटी दोरी कापली. ही एका कंपनीची गोष्ट नाही, रचनाच तशी आहे. चरखीवर एक प्लास्टिकचं आवरण आणि ग्रीस घालायला एक निप्पल, खर्च नगण्य. तोवर ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी दर सर्व्हिसला स्टेपनी एकदा खाली उतरवून परत चढवायला सांगावं.

विजेरी

हायब्रिडबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मला पुढच्या पिढीत सगळ्यात जास्त हवं आहे ते हौद्यातलं वीज-बोर्ड. कामाच्या जागी वेगळा जनरेटर न्यायचा, त्याचं पेट्रोल न्यायचं, त्याचा आवाज सहन करायचा, हे सगळं सुटेल. रेंजरच्या प्लग-इन (बाहेरून चार्ज होणाऱ्या) हायब्रिडमध्ये 11.8 किलोवॅट-तासाची बॅटरी आहे आणि हौद्यातून 6.9 किलोवॅटपर्यंत वीज घेता येते. वेल्डिंगचा छोटा सेट, करवत, कॉम्प्रेसर, सगळं चालतं. ओढायची क्षमताही 3500 किलो ठेवली आहे. बीवायडीची शार्क 2024 मध्ये आली, तिची बॅटरी 29 किलोवॅट-तासांच्या वर, पण ओढायला 2500 किलोच.

भारवाहक

@विजेरी, बोर्ड मलाही हवा. पण बॅटरीचं वजन पेलोडमधूनच जातं, हे विसरून चालणार नाही. शार्कचा पेलोड टनाच्या बराच खाली आहे. पूर्ण विजेवरच्या गाड्यांत इसुझूने डी-मॅक्स ईव्हीला टनाचा पेलोड आणि 3.5 टन ओढणं दोन्ही ठेवलं, बॅटरी 66.9 किलोवॅट-तास, पल्ला 263 किलोमीटर. हा पल्ला ट्रेलर न जोडलेल्या गाडीचा. मागे उंच ट्रेलर लावला की हवेचा विरोधच इतका वाढतो की पल्ला निम्म्यावर येतो. ठरलेल्या जागी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्याला ती गाडी उत्तम. लांब ओढणाऱ्याला अजून नाही.

टॅकोमाच्या हायब्रिडचा मार्ग मला जास्त पटतो. 1.87 किलोवॅट-तासाची छोटी बॅटरी, वजन फार वाढत नाही, आणि 630 न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) इंजिनच्या खालच्या फेऱ्यांतच मिळतो. चढावर भरलेली गाडी उभी असताना लागतो तो हाच.

रानवाट

डिझेल राहणार असेल तर काजळीच्या फिल्टरचं काहीतरी करा. ज्यांचं जाणं-येणं जवळचं आहे त्यांना विचारा. साचलेली काजळी जळायला फिल्टर सुमारे 600 अंशांपर्यंत तापावा लागतो, त्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. तेवढ्यात घर आलं, गाडी बंद केली की काम अर्धवट. असं वारंवार झालं की काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसते. टोयोटाने हायलक्समध्ये नंतर हे काम हाताने सुरू करायचं बटण दिलं. ते प्रत्येक डिझेल पिकअपमध्ये हवं, आणि सोबत काजळी किती टक्के साचली आहे हे दाखवणारा साधा काटा. आत्ता गाडी काय करते आहे ते फॅनच्या आवाजावरून ओळखावं लागतं.

मधपाळ

बटणांवरून आठवलं. हातात जाड मोजे असताना पडद्यावरचा हीटर लावून दाखवा. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे अशा गोष्टींना खरी बटणं असली तर पूर्ण गुण, असं धोरण आणलं आहे. पिकअपवाल्यांनी त्याच्या पुढे जाऊन हीटर, काचेवरची वाफ आणि ट्रेलरचे ब्रेक यांनाही बटणं द्यावीत.

लाकूडकाम

आणि मागच्या सीटची पाठ थोडी तिरकी. हौद्याची लांबी कमी न करता. दोन्ही कसं जमेल ते इंजिनिअरांनी पाहावं, पण सहा फुटी माणूस मागे ताठ बसून लांब जाऊ शकत नाही.

डबल कॅब

@लाकूडकाम, ते जमायचं तर गाडीची लांबी वाढणार. आधीच 5.3 मीटरच्या पुढे गेली आहे, पार्किंगच्या रेषेबाहेर नाक राहतं. मला तर उलट हवं: डबल कॅब ज्यांना नको त्यांच्यासाठी दीड कॅबचा प्रकार वरच्या सोयींसकट मिळावा. आज दीड कॅब मागितली की स्टीलच्या रिम आणि साधे हॅलोजन लाइट पदरात पडतात.

ओढाताण

चॅसीच्या गंजाचं राहिलंच. बंद पेटीच्या चॅसीत चिखल आत शिरतो आणि बाहेर यायचं भोक छोटं असल्याने तिथेच ओला राहतो. बाहेरून रंग शाबूत, आतून पापुद्रे. भोकं मोठी करा, आतून मेणाचा थर कारखान्यातच द्या, आणि पाण्याच्या पाइपचं तोंड आत जाईल अशी एक जागा ठेवा. ज्याची गाडी खाऱ्या पाण्यात बोट सोडायला उतरते त्याला याची किंमत कळते.

भारवाहक

@ओढाताण, मेणाचा मुद्दा माझ्याही यादीत होता. मागच्या ब्रेकचा पण होता. बऱ्याच गाड्यांत अजून ड्रमच आहेत. चिखलात ड्रम टिकतात हे मान्य, पण लांब उतारावर ट्रेलर मागून ढकलत असताना डिस्क लवकर थंड होतात.

आता एक विनंती. सगळ्यांनी आपापल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी पाहा. बऱ्याच गाड्यांवर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा वेगवेगळी छापलेली असते. नसेल तर मॅन्युअलमध्ये मिळेल. गाडी काट्यावर नेलीत तर आधी फक्त पुढची चाकं ठेवून वजन घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागचा ॲक्सल कळतो. मॉडेल, वर्ष, काय काय जोडलेलं आहे आणि हे तीन आकडे इथे लिहा. कंपन्यांना मागण्या पाठवायच्या तर सोबत आकडे असलेले बरे. माझे मी उद्या टाकतो, ट्रेलरसह आणि ट्रेलरशिवाय.